सातवं पाणी

“हात कुठं ठेवू, ताई?” काकांनी विचारलं.

प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक धड स्टुलावर मी त्यांना बसवलं होतं आणि ते दोन्ही हात हवेत धरून बसले होते. मनगटापर्यंत निळे हात. नखं तर काळीच. समोर पांढरं टेबल, त्यावर काचेची भांडी. आपण टेकलो तर डाग पडेल असं त्यांना वाटत होतं.

“ठेवा हो काका, काही होत नाही.”

“रंग पक्का हाय. सुटत नाही. पण बघणाऱ्याला वाटतं ना,” असं म्हणून त्यांनी हात मांडीवर घेतले आणि वरून खांद्यावरचा टॉवेल पसरला.

नरसप्पा वंगारी, मुक्काम सोलापूर. चाळीस वर्षं सूत रंगवण्याचं काम. त्यांचा मुलगा अंबादास आमच्या लॅबमध्ये पीएच.डी. करत होता आणि त्या दिवशी, गुरुवारी साडेअकराला, त्याचं खुलं सेमिनार होतं. प्रबंध देण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून पाच वर्षांचं काम सांगायचं, बाहेरगावचे तज्ज्ञ येणार, सभागृहातल्या कोणीही काहीही विचारायचं, अशी आमच्या संस्थेची रीत. घरचे लोक इस्त्रीचे कपडे घालून येत, शेवटच्या रांगेत बसत, एक अक्षर न कळता शेवटी टाळ्या वाजवत आणि सामोसा खाऊन जात. काका पहाटेच्या गाडीने आले होते. अंबादास प्रोजेक्टर लावायला हॉलमध्ये गेला होता, आणि जाताना वडिलांना माझ्या स्वाधीन करून गेला होता. त्या अख्ख्या इमारतीत त्याचा विश्वास माझ्यावरच होता.

काकांनी पिशवीतून एक चादर काढून माझ्यापुढे धरली. निळी, लाल काठाची.

“हे कशाला?”

“असू द्या की. पोरगं सांगूलालं, ताईंनी सगळं शिकवलं. कितीबी धुवा. एक थेंब रंग सुटला तर परत आणा.”

“एवढी खात्री?”

“सातवं पाणी हाय ना,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळे झाले. “सूत रंगवलं की धुवायचं. एक पाणी, दोन पाणी. लोक चौथ्याला थांबतात, पाणी पांढरं दिसतं म्हणून. दिसायला पांढरं, ताई! सातव्या पाण्यात फडका बुडवायचा, वाळवायचा, मग बघायचं. आणि भांडं आधी आपल्या हातानं धुवायचं. दुसऱ्यानं धुतलंय म्हटलं तरी ऐकायचं नाही. आमच्या वडलांची शिस्त.”

अंबादास सगळं सात वेळा का धुतो, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्याच्या या खुळावर आम्ही पाच वर्षं हसत आलो होतो.

“पोरगं हितं काय करतंय ते काय कळत नाही,” काका म्हणाले. “विचारलं तर म्हणतं, नान्ना, डावं-उजवं वेगळं करूलालोय.”

घरात ते तेलुगू बोलत. नान्ना म्हणजे वडील.

“बरोबर सांगतो तो. देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो ना? औषधांचे कण कारखान्यात तसेच बनतात. निम्मे डावे, निम्मे उजवे, सगळे एकात एक. वजन सारखं, घडण सारखी. पण एक माणसाला बरं करतो आणि दुसरा कधी कधी घात करतो. ते निवडायचे कसे? तुमच्या मुलाने एक पापुद्रा केलाय. त्यातून ते कण मिसळलेलं पाणी सोडलं की डाव्या चपला आत अडकतात, उजव्या तेवढ्या बाहेर येतात.”

“म्हणजे पायच केला की त्यानं,” काका म्हणाले. “डाव्या पायात डावीच बसणार.”

आमच्या सरांना हे समजायला दोन महिने लागले होते.

तो पापुद्रा खरोखर देखणा होता, हे मी आज मोकळेपणाने सांगते. डिजिटल घड्याळातले काळे आकडे ज्या पदार्थाचे असतात तो द्रव स्फटिक घ्यायचा. त्यात एका वळणाचा एक पाहुणा रेणू सोडायचा. पाहुण्याच्या नादाने बाकीचे सगळे गोल जिन्यासारखे रचले जातात. मग त्यावर अतिनील प्रकाश मारायचा, की ते एकमेकांचे हात घट्ट धरतात आणि जिन्याचं कायमचं जाळं होतं. शेवटी पाहुण्याला धुऊन बाहेर काढायचं. त्याच्या आकाराच्या रिकाम्या जागा उरतात आणि त्या जागी त्याच्याच वळणाचे रेणू येऊन बसतात. पाहुणा आत असेपर्यंत पापुद्रा हिरवा चमकतो आणि निघून गेला की मोरपंखी निळा होतो. अंबादास सात वेळा धुऊन निळा रंग पाही आणि मान डोलावी.

मी त्याच्याहून दोन वर्षं पुढे होते. सात वर्षं त्याच कामासाठी काचेच्या जाड नळ्यांत निरनिराळ्या भुकट्या भरत होते आणि त्यातून जे डावं-उजवं एकत्र जाई ते तसंच एकत्र बाहेर येई. माझे वडील प्राध्यापक, चुलते प्राध्यापक, आणि मी प्रत्येक दिवाळीला “पुढच्या वर्षी होईल” असं सांगत होते. हॉलंडच्या एका विद्यापीठात दोन वर्षांची जागा होती. सर त्यासाठी एकालाच शिफारसपत्र देणार होते, आणि कोणाला, हे लॅबमध्ये झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत होतं. अंबादासचं सेमिनार पार पडलं की पत्रावर सही होणार होती.

“हे कसं कळतं, डावं आलं का उजवं आलं?” काकांनी विचारलं.

मला हौस आली. मी पोलरीमीटर चालू केला. पिवळा दिवा, लांब नळकांडं आणि एका टोकाला डोळा लावायची काच, असं ते जुनं यंत्र. दर सोमवारी साखरेच्या पाण्याने ते तपासायची आमची पद्धत होती. साखरपाण्याची बाटली शेजारीच असे. मी हाताशी असलेली काचेची नळी घेतली, त्यात साखरपाणी भरलं, झाकण फिरवलं आणि यंत्रात ठेवली.

“बघा आता. निम्मं गोल उजेडाचं, निम्मं अंधाराचं दिसतंय? साखर उजेडाला उजवीकडे पिळते. डावी वस्तू असती तर उलटं दिसलं असतं.”

काका बराच वेळ डोळा लावून होते. “साखरेलासुद्धा उजवं-डावं,” ते म्हणाले. “आणि आम्ही नुसती चहात घालतो.”

तेवढ्यात अंबादास आला. अंगात उसना कोट, बाह्या बोटांपर्यंत. “ताई, देवपुजारी मॅडम आल्या. भीती वाटूलाली.”

“कसली भीती? विचारलं की सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.”

“तुम्ही पुढं बसा, हां. तुमच्याकडं बघून बोलतो.”

मी नळी बेसिनमध्ये उपडी केली, स्टँडवर लावली आणि आम्ही तिघं निघालो.

मी पुढेच बसले. माझ्याकडे एक प्रश्न होता आणि तो सोमवारपासून होता.

सोमवारी मी अंबादासची वही पाहिली होती. वही काय, देव्हारा होता. तारीख, वेळ, हवा, कितवं पाणी, सगळं. पण एक गोष्ट पाचही वर्षांत कुठे नव्हती. नुसतं शुद्ध पाणी पापुद्र्यातून सोडून त्याचं वाचन घेतलेलं नव्हतं. याला आम्ही कोरं वाचन म्हणतो. ते शून्य आलं पाहिजे. आलं नाही, तर याचा अर्थ उजेडाला पिळणारा पाहुणा अजून आतच आहे, थोडा थोडा गळतोय, आणि यंत्रात दिसतेय ती निवड नाही, ती गळती आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही आधी कोरं वाचन घेतो. अंबादासने घेतलं नव्हतं, कारण सातव्या पाण्यानंतर रंग निळा झाला की रंगाऱ्याच्या घरात विषय संपतो. पुढे काही विचारायचं असतं, हे त्याच्या मनातच आलं नसणार.

दहा मिनिटांचं काम होतं. सोमवारी सांगितलं असतं तर त्याने चहा व्हायच्या आत उरकलं असतं. मी वही होती तशी ठेवून दिली.

अंबादास छान बोलला. सुरुवातीला अडखळला, मग पापुद्र्याचं चित्र पडद्यावर आलं आणि तो भीती विसरला. मिश्रण शून्यावर असतं, पापुद्र्यातून आलं की यंत्र उजवीकडे पॉइंट सहा अंश दाखवतं, असा त्याचा आलेख होता. नागपूरहून आलेल्या तज्ज्ञ देवपुजारी मॅडम मान डोलवत होत्या. सर पाय हलवत बसले होते. खूश असले की त्यांचा पाय हलतो. शेवटच्या रांगेत काका मांडीवर टॉवेल घेऊन ताठ बसले होते.

“काही प्रश्न?” सरांनी विचारलं, उठायच्या तयारीत.

मी हात वर केला. अंबादास हसला. सोपा प्रश्न असणार, ताईंचा.

“कोरं वाचन किती आलं होतं?”

तो अजून हसतच होता. “म्हणजे, ताई?”

“नुसतं पाणी सोडल्यावर. तुझ्या वहीत मला दिसलं नाही.”

हसू कसं जातं ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. आधी डोळ्यांतून जातं, तोंड मागे तसंच राहतं.

“नाही घेतलं,” तो म्हणाला. “रंग निळा झाल्यावर पाहुणा निघालेला असतो, म्हणून...”

“रंग?” सर म्हणाले. त्यांचा पाय थांबला होता. “पाच वर्षांत तू कोरं वाचन घेतलं नाहीस?”

सभागृहात मागे कोणीतरी फस्सकन हसलं.

देवपुजारी मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी हात वर केला. “असं करू या ना, आत्ताच घेऊन बघू. दहा मिनिटांचं तर काम. शून्य येईल आणि विषय मिटेल. इतकं चांगलं काम आहे, त्याला शंका कशाला राहू द्यायची?”

“चालेल मॅडम,” अंबादास म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. त्याला खात्री होती. सात पाण्यांची खात्री.

“मी पुढे जाऊन दिवा लावते,” मी म्हणाले. “तापायला वेळ लागतो.”

दहा-बारा माणसं लॅबमध्ये आली. सर, मॅडम, दोन प्राध्यापक, उत्सुक विद्यार्थी, आणि सगळ्यांच्या मागे काका. मॅडमनीच त्यांना “या ना, मुलाचं काम बघा” म्हणून आत घेतलं. अंबादासने पेटीतून पापुद्रा काढला. चिमट्यात धरलेला तो निळा तुकडा उजेडात असा चमकला की दोघे-तिघे “वा” म्हणाले. त्याने तो चौकटीत बसवला आणि वरून शुद्ध पाणी सोडलं. थेंब थेंब पाणी खाली जमू लागलं. एक थेंब सांडला नाही.

मी नळी पुढे केली.

त्याने ती घेतली आणि सवयीने बेसिनकडे वळला.

“धुतलेली आहे,” मी म्हणाले. “यंत्राचा झिरोही लावून ठेवलाय. घे पटकन, मॅडमना तीनची गाडी आहे.”

अंबादास क्षणभर थांबला. दुसऱ्याने धुतलेलं भांडं त्याने पाच वर्षांत कधी वापरलं नव्हतं. पण नळी मी दिली होती. त्याने मान हलवली, पाणी नळीत भरलं, झाकण लावलं आणि ती यंत्रात ठेवून बाजूला झाला.

मॅडमनी डोळा लावला. चकती फिरवली, थांबल्या, परत फिरवली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“पॉइंट चार,” त्या हळूच म्हणाल्या. “उजवीकडे.”

“बघू,” म्हणून सरांनी जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. पॉइंट चारच होतं.

“म्हणजे पॉइंट सहातलं चार नुसती गळती,” सर म्हणाले. “उरलं काय? दोन! आणि ते तरी कशावरून? हे मी जगाला सांगत सुटलो होतो! पेपर पाठवून बसलोय मी, माझ्या नावाने!”

“सर, परत एकदा बघू का?” अंबादास पुढे होत म्हणाला. “एकदा धुऊन...”

“धुऊन! धुण्याशिवाय दुसरं काही शिकलास का तू इथे?” सर ओरडले. “अरे, रंगाऱ्याच्या घरचं शहाणपण लॅबमध्ये चालत नाही! निळं झालं म्हणे! चादर विकायला बसलायस का?”

कोणी हसलं नाही, पण कोणी अडवलंही नाही. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या, सर. तो निवांतपणे बघेल.” पण त्यांनी हातातल्या फायलीवर काहीतरी लिहिलं, आणि ते अंबादासने पाहिलं. सरांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. पुढच्या महिन्यात त्याची शिष्यवृत्ती संपत होती. नवीन विषय घेऊन पहिल्यापासून सुरू कर, नाहीतर घरी जा, असं सांगून सर दाराकडे वळले.

आणि मागून काकांचा आवाज आला.

“ताई, सकाळी ते साखरेचं पाणी घातलं, ती हीच नळी का?”

सगळे वळले. सगळ्यांचं लक्ष सरांकडे असताना काकांनी यंत्रातली नळी काढून घेतली होती. काम झालं की भांडं धुवायचं, ही त्यांची सवय असणार. त्यांचा निळा अंगठा झाकणाच्या आट्यांवरून फिरत होता. अंगठा आणि बोट ते एकमेकांना चिकटवत होते आणि सोडवत होते.

“काय म्हणतायत हे?” सरांनी मला विचारलं.

आमच्याकडे यंत्राच्या नळ्या दोन होत्या. साखरेची वेगळी, ओळखू यावी म्हणून गळ्याशी लाल दोरा बांधलेली. दोरा अंबादासनेच बांधला होता. त्या सकाळी ती वरच्या फळीवर होती, आणि वर चढायचं स्टूल काकांच्या खाली होतं. म्हणून काकांना गंमत दाखवायला मी दुसरी, रोजची नळी घेतली होती. नंतर उपडी केली, धुतली नव्हती.

तिथपर्यंत ती विसराळूपणाची गोष्ट होती. पुढची नव्हती. दिवा लावायला म्हणून मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आले, तेव्हा मला नळी दिसली. तळाशी दोन थेंब साचले होते. नळ हाताच्या अंतरावर होता. माझ्याकडे पुरती चार मिनिटं होती आणि त्या चार मिनिटांत मी एकदाही नळाकडे हात नेला नाही. दोन थेंबांकडे बघत उभी राहिले. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी नळी स्टँडवरून उचलली.

“नाही काका,” मी म्हणाले. “साखरेची नळी वेगळी असते. लाल दोऱ्याची.”

“हो, ती वर आहे,” सर म्हणाले. अंबादासनेही मान हलवली. फळीवर लाल दोरा सगळ्यांना दिसत होता.

काका माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं रंगांत घालवलेला माणूस. सकाळी डोळ्यांसमोर धरलेल्या नळीला लाल दोरा होता की नव्हता, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. ते अंबादासला तेलुगूत काहीतरी बोलले. अंबादास वैतागून म्हणाला, “नान्ना, गप बसा हो! ताई खोटं बोलतील का?”

“लाल दोरा,” काका म्हणाले. “बरं.”

त्यांनी बेसिनपाशी जाऊन नळी धुतली. मी मोजलं नाही, पण नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादास सामान आवरायला आला. डोळे सुजलेले. दार लोटून तो माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, कळलं याला. नळी शेजारीच होती, पापुद्रेही होते. त्याने फक्त दहा मिनिटं मागितली असती तर मी अडवू शकले नसते.

“ताई, तुम्ही विचारलं ते बरं झालं,” तो म्हणाला.

मी समोरची वही मिटली.

“नाहीतर खोटं छापलं गेलं असतं. माझ्या नावावर. रात्रभर तोच विचार केला. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्हीच शिकवलं होतं. मीच रंगावर गेलो.” त्याने पेटी माझ्यापुढे ठेवली. आत अकरा निळे पापुद्रे, प्रत्येकाखाली तारीख. “तुमच्याकडं राहू द्या. फेकवत नाही. काही उपयोग झाला तर बघा.”

“नवीन विषय घे ना,” मी म्हणाले. हे वाक्य मी का बोलले, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

“घरी नान्नांना होत नाही आता एकट्याला. आणि परत या लॅबमध्ये...” तो हसला. “तुम्ही हॉलंडला जा, ताई. तुमचं नाव निघू दे.”

शनिवारी लॅब रिकामी होती. मी पेटी उघडली, एक पापुद्रा लावला, नळी स्वतः धुतली आणि कोरं वाचन घेतलं. शून्य. दुसरा लावला. शून्य. अकराच्या अकरा पापुद्र्यांचं वाचन शून्य आलं. मी सगळे आकडे माझ्या वहीत लिहिले आणि वर तारीख टाकली.

हॉलंडचं पत्र मला मिळालं. दीड वर्षांनी माझा पेपर आला. धुण्याच्या पद्धतीत केलेल्या सुधारणेमुळे गळती पूर्ण थांबली, असं मी त्यात लिहिलं. सुधारणा कोणती, तर सात वेळा धुणे. अंबादासचं नाव शेवटच्या आभारात आहे, ते मी सरांशी भांडून घातलं. माझ्या मनाचा मोठेपणा म्हणून सर ही गोष्ट बरीच वर्षं सांगत असत. आज त्या लॅबच्या दारावर माझं नाव आहे. नवीन मुलं विचारतात, “मॅडम, सातच वेळा का? सहाने भागत नाही?” मी सांगते, पद्धत आहे.

गेल्या वर्षी सोलापूरच्या एका कॉलेजात पाहुणी म्हणून गेले. भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. गर्दी पांगली आणि एक टक्कल पडलेला माणूस पुढे आला. हात मनगटापर्यंत निळे.

“ओळखलंत का, ताई?”

अंबादासने शेजारच्या प्राचार्यांना सांगितलं, “सर, आज मी ताठ मानेनं जगतो ते ह्यांच्यामुळं. पूर्वी माझ्या हातून मोठं खोटं छापलं जाणार होतं. ह्यांनी भर सभेत थांबवलं. लोक तोंडावर गोड बोलतात, ह्या खरं बोलल्या.” प्राचार्य भारावून माझ्याकडे बघत होते.

“काका कसे आहेत?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“चौऱ्याऐंशी झालं. डोळ्यानं दिसत नाही आता. तुम्ही येणार म्हणून सांगितलं, तर निरोप दिला बघा.” अंबादास कौतुकाने हसला. “म्हणाले, त्या ताईंना विचार, नळी धुतली का. काय की, कसली नळी! आता सगळ्यांनाच असलं विचारूलालेत. जेवायला बसले तरी, ताट धुतलं का, म्हणतात.”

तो उत्तराची वाट बघत होता. म्हाताऱ्याला घरी जाऊन काहीतरी सांगायला हवं, एवढ्यासाठीच.

“धुतली म्हणून सांग,” मी म्हणाले.

“सांगतो की,” असं म्हणून अंबादास माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.